मंगळीची टोळी फुटत नाही

मंगळीला डाव्या कानाची पाळी नाही. कुणी विचारायची गरज पडत नाही, ती स्वतःच सांगते, आणि सांगताना समोरच्याच्या कानाकडे अशी बघते की माणूस नकळत आपला कान चाचपतो. आठ वर्षांची होती ती. आईबाप भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवर राबत होते. बाप तापाने दोन दिवस झोपून राहिला, तर तिसऱ्या दिवशी भट्टीच्या हजेरी मांडणाऱ्या मुनशीने त्याला पाय धरून खोपीबाहेर ओढला आणि फावड्याच्या दांड्याने बडवायला सुरुवात केली. मंगळी धावत गेली आणि मुनशीच्या मांडीला चावली. त्याने तिला कानाला धरून वर उचलली. ती खाली पडली आणि कानातली बाळी मांसासकट मुनशीच्या बोटांत राहिली. बापाचा हात त्या दिवशी कोपरात मोडला, तो पुढे कधी सरळ झाला नाही.

आज मंगळी बेचाळिशीची आहे. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला तिचा पाडा, पाड्यावर कुडाचं घर, घरात ती आणि मेलेल्या बहिणीची मुलगी हर्षाली. पण पाड्यावर ती पावसाळ्यापुरतीच. भात कापून झालं की ती आपली टोळी घेऊन घाट चढते आणि नाशिककडच्या द्राक्षबागांत उतरते. बावीस जणांची टोळी, बहुतेक बायका, चारदोन पुरुष. मुकादमीण ती. नाशिकपासून दिंडोरीपर्यंत बागवाल्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, मंगळीची टोळी फुटत नाही. हे वाक्य मंगळीला तोंडपाठ होतं आणि ते ऐकलं की ती पदर नीट करायची.

टोळी फुटणं म्हणजे काय ते बागवाल्याला विचारा. द्राक्षाचा मणी ज्वारीएवढा झाला की घडातले जादा मणी कात्रीने काढावे लागतात, त्याला विरळणी म्हणतात. ती आठ-दहा दिवसांत उरकली नाही तर घड दाटतो, मणी फुगत नाही, आणि वर्षभराचा खर्च मांडवावरच कुजतो. अशा वेळी मालकाला बायकोच्या बाळंतपणापेक्षा टोळीची काळजी जास्त असते. कारण टोळी सकाळी या बागेत असते आणि दुपारी शेजारच्या बागेत सापडते. शेजाऱ्याने फोन केलेला असतो, एकराला दर वाढवून दिलेला असतो. भाऊ भावाची टोळी पळवतो. मग मिनतवाऱ्या सुरू होतात. एकाने राहायच्या पत्र्याच्या खोलीत पंखा लावला, दुसऱ्याने कूलर आणला, तिसऱ्याने तर न्हाणीत आरसा बसवला आणि बायकांना हात धरधरून दाखवला. वीस वर्षांपूर्वी याच बायकांना गोठ्यात झोपवत होते हे लोक. गरज पडली की गाढवालाही बाप म्हणतात, इथे तर कामकरी बाया होत्या.

आणि नुसते बागवालेच कुठे! इकडे वाडा तालुक्यातल्या कारखान्यांच्या बसगाड्या पाड्यांपर्यंत येऊ लागल्या, भिवंडीची गोदामं पोरं ओढू लागली, मुंबई-ठाण्याच्या बांधकामांवरचे लोक हिंदी बोलत बाजारात फिरू लागले. हात तेवढेच, मागणारे दहापट. अशा दिवसांत एका बाईने बावीस माणसं नऊ हंगाम एकत्र ठेवली, ही काही साधी गोष्ट नव्हती.

ती मुकादमीण झाली तीही मारामारीतूनच. आधी टोळी तुळशीदासची होती. तुळशीदास मोखाड्याचा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि माणसं टिकवायची त्याची एकच युक्ती, काठी. काळी नावाची बाई एका हंगामात दोन दिवस शेजारच्या बागेत गेली, तिथे दर जास्त होता म्हणून. परत आली तर तुळशीदासने सगळ्यांसमोर तिचे केस धरून तिला मांडवाच्या लोखंडी खांबावर आपटली. एकदा, दोनदा. काळीच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं, ती आंधळ्यासारखी हात पुढे करून चाचपडू लागली. तिसऱ्यांदा आपटणार एवढ्यात मंगळीने वेल बांधायचा बांबू उपसला आणि तुळशीदासच्या पाठीत घातला. तो वळला तशी तोंडावर घातला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या ओळीत ऐकू गेला. तो पळाला तो चप्पल टाकून पळाला, आणि टोळीने त्याच दिवशी मंगळीला मुकादमीण केलं.

मग मंगळीने एक रीत पाडली. दिवाळीआधी वाघबारस येते. पाड्याच्या वेशीवर वाघदेव आहे, शेंदूर लावलेला उभा लाकडी पाट, त्यावर कोरलेला वाघ, सूर्य आणि चंद्र. बारशीला वाघदेवाची पूजा सगळेच करतात. मंगळीच्या टोळीने त्यात आपली भर घातली. प्रत्येकीने आपली विरळणीची कात्री देवासमोर ठेवायची. मंगळीने प्रत्येक कात्रीला शेंदराचं बोट लावायचं. मग जिने त्याने आपापली कात्री उचलायची. उचलली की हंगामभराचा शब्द दिला, मधे सोडून जायचं नाही. आणि सगळ्यांत आधी मंगळी आपली कात्री उचलायची आणि मोठ्याने म्हणायची, "या टोळीत कोनी कोनावर हात टाकनार नाय. मी पन नाय."

खरं सांगायचं तर माणसं या एका वाक्यासाठी यायची. दूरच्या पाड्यांवरून विचारणा यायची, आमच्या सुनेला घेशील का, आमच्या लेकीला घेशील का. दर इतरांएवढाच, काम इतरांपेक्षा कांकणभर जास्तच. पण मंगळीच्या टोळीत बाईला कुणी हात लावत नाही, मालकसुद्धा आवाज चढवत नाही, एवढं पसरलं होतं. काळी तर आपल्या नवऱ्याला, चंद्राला घेऊन आली, कारण टोळी मंगळीची झाल्यापासून चंद्रानेही तिला मारणं सोडलं होतं.

आणि टोळीचा कणा होती हर्षाली. वय बावीस, बारावी झालेली, बोटं अशी की घड हातात घेतला की मणी आपोआप गळाल्यासारखे वाटावेत. मंगळीने तिला चार वर्षांची असल्यापासून वाढवली. आयुष्यात एक चापट मारली नाही. हर्षाली ज्या ओळीत लागेल त्या ओळीत सगळ्या पोरी लागायच्या, ती जेवायला बसली की सगळ्या बसायच्या. हर्षाली गेली तर टोळी गेली, हे मंगळीला कुणी सांगायला नको होतं.

यंदा वाघबारस झाली, कात्र्या उचलल्या गेल्या, दिवाळी झाली. निघायला चार दिवस असताना पाड्यावर चकचकीत जीप आली. तिच्यातून सुदर्शन उतरला. तुळशीदासचा मुलगा. बापाचं नाक अजून वाकडं, ते रोज बघत आलेला. नाशिककडे एक कंपनी मटार आणि मका गोठवून बाहेर पाठवते, तिला तो माणसं पुरवू लागला होता, डोईमागे पैसे घेऊन. त्याने वडाखाली बायका जमवल्या. बारमाही काम, महिन्याचा पगार, फरशीची खोली, ने-आण करायला बस. शिवाय कामावर आल्या आल्या प्रत्येकीला मोबाइल.

मंगळी भाताच्या गंजीवरून उतरली ती शेतातलं ढेकूळ उचलूनच आली. "उठा," ती बायकांना म्हणाली. मग सुदर्शनला म्हणाली, "तू पन ऊठ. बापासारखा नाक घेऊन जायाचा नसंल तर."

सुदर्शन हसला. "मावशे, माणसं बांधून ठेवायचे दिवस गेले. आता जो जास्त देईल त्याची."

पहिलं ढेकूळ त्याच्या खांद्यावर फुटलं. दुसऱ्याच्या जागी तिने दगड उचलला होता. जीपची मागची काच त्या दगडाने गेली. जाताना सुदर्शनने खिडकीतून तिच्याकडे बोट रोखलं.

दोन दिवसांनी खोडाळ्याच्या बाजारात चंद्रा मीठ-मिरची घ्यायला गेला होता. सुदर्शनच्या तिघांनी त्याला बोंबलाच्या ढिगाऱ्याआड गाठला. त्याने टोळीतल्या दोन पोरींना सुदर्शनकडे जाऊ नका म्हणून समजावलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. एकाने हात मागे धरले, दोघांनी तोंडावर लाथा घातल्या. भर बाजार. कोंबड्या विकणारी म्हातारी ओरडत राहिली, बाकीच्यांनी आपापल्या टोपल्या सरकवून घेतल्या. चंद्राचा जबडा निखळला, समोरचे दोन दात मिठाच्या पुडीत सापडले. अतहरने त्याला आपल्या पिकअपमध्ये घालून जव्हारच्या दवाखान्यात नेलं. अतहर जव्हारचा, त्याचं घराणं तांब्या-पितळेचं काम करणारं. त्याने मात्र पिकअप घेतली होती, आणि मंगळीच्या टोळीची ने-आण सहा वर्षं तोच करत होता.

मंगळीने पोलिसांचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सहा बायका आणि हर्षालीला घेऊन एसटीने मोखाड्याला गेली. सुदर्शन सलूनमध्ये होता, गळ्याला फडकं, गालाला साबण, अर्धी दाढी झालेली. मंगळीने आरशातून त्याला बघितलं आणि त्यानेही तिला. न्हावी वस्तरा घेऊन भिंतीला चिकटला. तिने त्याला फडक्यानेच ओढत रस्त्यावर आणला आणि काठी उचलली.

आता इथवर सगळं बरोबर होतं असं माझंही मत आहे. चंद्राच्या दातांचा हिशेब कुणीतरी चुकता करायलाच हवा होता. पण पुढचं ऐका. पहिल्या चार काठ्यांतच सुदर्शन गुडघ्यावर आला. त्याने हात जोडले. साबणात रक्त मिसळून गुलाबी फेस त्याच्या हनुवटीवरून गळत होता आणि तो "चुकलो, चुकलो" म्हणत होता. मंगळी थांबली नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा तो किंचाळला, तरी थांबली नाही. तो आडवा झाला तेव्हा बरगड्यांवर मारू लागली. तिचा चेहरा शांत होता, ती भात झोडपत असावी तशी एका लयीत मारत होती. शेवटी हर्षालीने तिचा हात धरला. "मावशी, पुरे. तो पडलाय. मरंल तो."

मंगळीने हात हिसडला तशी हर्षाली गटाराच्या कडेला जाऊन पडली. तिच्या कोपराचं सालटं निघालं. मग मंगळीने काठी टाकली.

पाड्यावर आल्यावर मंगळीच्या लक्षात आलं की बायका आता तिच्याशी हळू आवाजात बोलतात. ती अंगणात आली की उठून उभ्या राहतात. माघी नावाची तोंडाळ बाई, जी मंगळीला दिवसातून दहा वेळा टोमणे मारायची, ती एकदम गरीब गाय झाली. मंगळीला ते आवडलं. आता कोण जातंय सोडून, बघतेच, असं ती स्वतःशी म्हणाली. माणसाला भीती आणि मान यांतला फरक कळत नाही असं नाही. जिला मुनशीने कानाला धरून उचललेलं, तिला तर तो चांगला कळायला हवा होता. पण सोयीचं असलं की आपण सगळेच डोळ्यांवर कातडं ओढून घेतो, तसं तिनेही घेतलं.

ठरल्या दिवशी टोळी निघाली. तोरंगणच्या घाटात, वळणावर, रस्त्यात दोन दुचाक्या आडव्या होत्या. अतहरने वेग कमी केला आणि वरच्या दरडीवरून दगड आले. पहिल्याने समोरची काच फुटली. अतहरच्या कपाळाची कातडी भुवईपर्यंत सोलून निघाली. दुसरा मागच्या हौद्यात पडला, माघीने ज्या हाताने कठडा धरला होता त्यावरच. दोन बोटं चेचली. तिची किंकाळी दरीत जाऊन परत आली. पिकअप थांबते न थांबते तोच मंगळीने खाली उडी मारली, हातात कात्री घेऊन. दुचाकीजवळ उभ्या असलेल्या पोराच्या मांडीत तिने ती मुठीपर्यंत खुपसली. उपसली. पुन्हा मारणार तोवर त्याच्या जोडीदाराने त्याला गाडीवर ओढून घेतला आणि दोन्ही दुचाक्या उताराला लागल्या. रस्त्यावर रक्ताची रेघ उठली.

अतहरने गळ्यातला रुमाल कपाळाला बांधला. "मंगळीताई," तो म्हणाला, "मजूर पोचवायला निघालो का लढाईला? पुढच्या खेपेला सांगा, चिलखत घालून येतो."

मंगळी हसली. मागे वळून बघितलं तर हौद्यात कुणीच हसत नव्हतं. हर्षाली माघीच्या हाताला आपली ओढणी गुंडाळत होती.

बागमालक नितीनराव फाटकातच उभे होते. फुटकी काच बघितली, अतहरचं रक्ताळलेलं कपाळ बघितलं, माघीचा हात बघितला. मग विचारलं, "टोळी पूर्ण आहे ना?" चंद्रा सोडून सगळे होते. नितीनरावांना हायसं वाटलं आणि त्यांनी चहा सांगितला. बारा एकर होते, नऊ दिवसांत उरकायचे होते. शेजारचे दोन बागवाले टोळीविना डोक्याला हात लावून बसले होते. त्यांच्या तोंडावर टिच्चून नितीनराव टोळीला बागेतून मिरवत घेऊन गेले.

माघी बिनकामाची झाली, ती स्वयंपाकाला लागली. बाकीच्यांनी कात्र्या धरल्या. पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी दुपारी बांधावर जेवणं झाली, बायका भांडी घासत होत्या, तेव्हा हर्षाली मंगळीसमोर येऊन बसली.

"मावशी, हे काम संपला का मी पाड्यावर येत नाय. मी कंपनीत चालले."

"सुदर्शनच्या?" मंगळीचा आवाज चढला नाही.

"सुदर्शनचा काय संबंध नाय. कंपनीला थेट फोन केला मी. त्यांनी बोलावलाय. नऊ दिवस पुरे करीन, शब्द मोडत नाय. पन त्याच्यापुढं नाय."

"हंगामाचा शब्द हाय. वाघदेवाम्होरं कात्री उचललीस तू."

"तू पन उचललीस."

भांडी घासायचा आवाज थांबला.

"किती देतात?" मंगळी म्हणाली. "मी नितीनरावाशी बोलते. तुझा वेगळा दर लावून घेते. काय पायजे तुला, मोबाइल? उद्या आनते."

"मावशी, पैशाचा नाय." हर्षाली खाली मान घालून बोलत होती, पण शब्द स्पष्ट होते. "आठवडा झाला, सारखा कोनाचा तरी रक्त बघते मी. चंद्राकाकाचा, त्या पोराचा, माघीआत्याचा. मला झोप लागत नाय. तिथं कोनी कोनाला मारत नाय, म्हनून चालले. तू पन चल. खरंच चल, मावशी. दोघी राहू फरशीच्या खोलीत."

या शेवटच्या वाक्याला मंगळीने हो म्हणायला हवं होतं. ते वाक्य तिला ऐकूच गेलं नाही. तिला ऐकू गेलं एवढंच की हर्षाली चालली. ही गेली की काळी जाईल, मग पोरी जातील, मग सगळ्या बागांत बोभाटा होईल की मंगळीची टोळी फुटली, तीही घरच्या पोरीने फोडली. तिने हात उगारला तो कधी उगारला हे तिलाही कळलं नाही.

पहिली थप्पड हर्षालीला बसली तेव्हा ती हललीसुद्धा नाही, इतकं तिला ते अनोळखी होतं. दुसरी बसली तशी ती कलंडली. मंगळीने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला फरफटत ओळीत नेली. ठिबकची नळी हाताला लागली, ती उपटली आणि नळीने मारू लागली, पाठीवर, मांड्यांवर, तोंड झाकलेल्या हातांवर. नळी हवेत वाजत होती. "जा! जा बघू कशी जातेस! तंगड्या मोडून ठेवीन! चार वर्षांची होतीस, गू-मूत काढला तुझा!" हर्षाली ओरडत नव्हती, फक्त प्रत्येक फटक्याला तोंडातून हवा सुटल्यासारखा आवाज येत होता. तिचा डावा डोळा सुजून बंद झाला, ओठ फाटला. वीस माणसं बघत होती. यांच्यातली एकही बाई पुढे आली नाही. काळीसुद्धा नाही. काळी दोन्ही हात आपल्या भुवईवर धरून उभी होती.

हात दुखायला लागला तेव्हा मंगळी थांबली. "आजून कोनाला जायाचा हाय?" तिने विचारलं.

कुणालाच जायचं नव्हतं.

त्यानंतरच्या दोन दिवसांत जे काम झालं तसं नितीनरावांनी जन्मात बघितलं नव्हतं. सकाळी उजाडायच्या आत टोळी मांडवाखाली. पाणी प्यायला कुणी थांबेना, गाणं नाही, थट्टा नाही, फोन नाही, नुसता कात्र्यांचा किटकिट आवाज. हर्षाली एका डोळ्याने घड बघून मणी काढत होती आणि तरी तिची ओळ सर्वांच्या पुढे होती. बारा एकर एक दिवस आधीच संपायला आले. नितीनराव कौतुकाने चुकचुकत फिरत होते. "मंगळीबाई, काय टोळी आहे हो! माझ्या मेहुण्याचे आठ एकर आहेत, तेही घ्या. सांगाल तो दर. लोकांच्या टोळ्या दिवसाला पळतात, तुम्ही यांना काय पाजता?"

मंगळी हंडा घेऊन ओळीत गेली. ऊन तापलं होतं, सगळ्यांना पाणी द्यावं म्हणून. हर्षालीपाशी आली आणि तांब्या पुढे केला. हर्षालीने झटकन दोन्ही कोपरं वर घेऊन डोकं झाकलं. कात्री तिच्या हातातून मातीत पडली. मग तिला तांब्या दिसला. तिने हात खाली घेतले, पाणी प्याली, आणि म्हणाली, "करते मी, मावशी. लगेच करते." आणि कात्री शोधू लागली.

मंगळीने हंडा खाली ठेवला. "हर्षाले," ती म्हणाली, "तुला जायाचा तर जा. आत्ता जा. अतहरला फोन करते, तो सोडून येईल कंपनीत."

"नाय, मावशी. मी नाय जात."

"अगं, मी खरंच सांगते."

"नाय जात. कुठंच नाय जात मी." ती घाबरून इकडेतिकडे बघत होती. तिला वाटत होतं, ही परीक्षा आहे, हो म्हटलं की नळी येणार.

मंगळी ओळीच्या तोंडाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "ऐका गं सगळ्या. शब्द सुटला. वाघदेवाचा पाप माझ्या माथ्यावर. ज्याला जिथं जायाचा तिथं जा, मी अडवत नाय." कात्र्या क्षणभर थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या, आधीपेक्षा वेगात. "काळे, तू तरी ऐक!" काळीने मान वर केली नाही. "आम्ही कुठं काय बोललो, बाय?" ती म्हणाली. "काम चाललाय ना."

मंगळीने विनवलं. माघीला चुलीपाशी जाऊन सांगितलं, तर माघी चेचलेल्या हातानेच पटपट भाकऱ्या थापायला लागली. देवाची शपथ घातली. रडली. टोळीने मंगळीला नऊ हंगामांत रडताना पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तेव्हा टोळी जास्तच घाबरली. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, मग तोंड मिटून काम केलेलं बरं, असं प्रत्येकीने ठरवलेलं दिसत होतं. यांना ठेवायला एक दुपार पुरली होती. सोडायचं कसं हे मात्र तिला कळेना. अशी पक्की टोळी नाशिक जिल्ह्यात दुसरी नव्हती.

मग ती नितीनरावांकडे गेली. "मेहुण्याचे एकर मी घेत नाय," ती म्हणाली. "हिशेब काळीच्या हातात द्या. अतहर येईल, ज्याला जिथं जायाचा तिथं तो सोडील. हर्षालीला आधी दवाखान्यात न्यायाचा."

"आणि तुम्ही कुठे चाललात?"

तिने कपड्यांचं गाठोडं घेतलं आणि बागेच्या कडेकडेने फाटकाकडे निघाली. मांडवाखाली पाय दिसत होते, बायकांचे, ओळीने. ती सावकाश चालली. खरं म्हणजे थांबत थांबतच चालली, कुणी हाक मारेल म्हणून. मावशी अशी एक हाक आली असती तरी ती तिथेच खाली बसली असती.

हाक आली नाही. फाटक ओलांडून ती रस्त्याला लागली, विहिरीच्या वळणापर्यंत गेली. तेव्हा मागे बागेत कात्र्या थांबल्या. आधी काळीचा आवाज आला, मग माघीचा, मग दोघी-तिघी एकदम बोलू लागल्या. आणि मग कुणीतरी हसलं. हसू हर्षालीचं होतं, फाटक्या ओठाने दबकत हसलेलं, ते मंगळीने एवढ्या लांबूनही ओळखलं.

तिने मागे वळून बघितलं नाही. बघितलं तर त्या पुन्हा गप्प होतील, एवढं तिला आता कळलं होतं.